सगळं एकाच दिवशी बोंबललं तर त्याचा किस्सा कसा करायचा

गेल्या वर्षी जुलैत आम्ही घर बदललं. पुण्यातल्या पुण्यातच, जुन्या घरापासून नवं घर चार किलोमीटर पण नाही, आणि त्या चार किलोमीटरात जे काही झालं ते मी आता इतक्यांदा सांगितलंय की मी "आमचं शिफ्टिंग झालं ना" एवढं म्हटलं की नवरा गुपचूप उठून चहा टाकायला जातो. पण त्याच दिवशी रात्री आठ वाजता मी नव्या घराच्या बाथरूममध्ये बादली उलटी घालून तिच्यावर बसून रडले होते हेही तितकंच खरंय. लोक म्हणतात ना, "जाऊ दे गं, नंतर हसशील", जसं काही हसू दह्यासारखं आपोआप लागतं रात्रभर ठेवलं की. तसं काही होत नाही. नुसतं सोडून दिलं तर फजितीचं रडगाणं होतं, आणि रडगाणं दुसऱ्यांदा कोणी ऐकून घेत नाही. किस्सा करावा लागतो, त्याला थोडी मेहनत आहे, आणि ती मेहनत कशी करायची ते मला बऱ्यापैकी जमायला लागलंय म्हणून लिहितेय.

तिथल्या तिथे हसू नका, स्कोअर ठेवा

भर पावसात उभं असताना, टेम्पोवाल्याचा फोन लागत नसताना कोणी "अगं हस ना, नंतर आठवण होईल" म्हटलं तर त्याच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटतं. मला हे माझ्या नणंदेनं म्हटलं, फोनवरून, ठाण्यातून, कोरड्या घरातून. तर ही जबरदस्ती स्वतःवर करू नका आणि दुसऱ्यावर तर अजिबात नको. ज्याचं जळतंय त्याला जळू द्यावं जरा.

त्या वेळी करता येण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती माझ्या नवऱ्याची. टेम्पो साडेआठला यायचा तो अकरा वाजून पाच मिनिटांनी आला तेव्हा हा शांतपणे म्हणाला, "एक बाद शून्य." ताडपत्रीला भोकं निघाली, "दोन बाद चार." फ्रिज लिफ्टमध्ये बसेना, "चार बाद अकरा." ह्यानं हसू येतं असं नाही, पण फरक पडतो, कारण हे सगळं मुद्दाम आपल्यावरच कोणीतरी सोडलंय असं जे वाटत असतं ते जरा कमी होऊन समोर एक मॅच चाललीये असं वाटायला लागतं, आणि आपल्याकडे हरणारी मॅच सुद्धा माणूस शिव्या घालत का होईना शेवटपर्यंत बघतोच. संध्याकाळी मी चिडून म्हटलं आता ऑलआउट झालो ना, बस कर, तर म्हणे २०२० च्या डिसेंबरात अ‍ॅडलेडला आपला डाव ३६ वर आटपला होता, एकाला पण दोन आकडी रन करता आले नव्हते, आणि तीच सिरीज पुढे रहाणे कॅप्टन असताना २-१ नं जिंकून आलो. मी त्याला उशी फेकून मारली. उशी ओली होती त्यामुळे लागली पण चांगली.

त्याच दिवशी टिपून ठेवा, आकड्यांसकट

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी करत नाही. दोन दिवसांनी तुमच्या डोक्यात फक्त "खूप उशीर झाला, खूप भिजलो, खूप पैसे गेले" एवढंच उरतं, आणि "खूप" ह्या शब्दावर आजपर्यंत कोणी हसलेलं नाही. लोक हसतात ते सात भोकांना. माझ्या फोनमधली त्या दिवशीची नोट अशी आहे, जशीच्या तशी:

११.०५ टेम्पो आला. ११.२० दोरी कोणाकडेच नाही, आपली कपडे वाळत घालायची काढली. १२.१० पाऊस. १२.११ ताडपत्रीला भोकं, मोजली, ७. २.३० बॉक्स ७ कुठेय. ३.०० बॉक्स ७ कुठेय. ३.४५ बॉक्स ७???

बघा, ह्यात मी एकही विनोद केलेला नाहीये. तरी ती तीन वेळा आलेली बॉक्स ७ वाचून माझी मैत्रीण खुर्चीतून घसरली होती. भोकं मी का मोजली हे मला अजून कळलेलं नाही, पण पाऊस पडत असताना सामान वाचवायचं सोडून कोणीतरी बाई भोकं मोजत उभी आहे हेच मुळात अर्धं काम आहे. तर मोजा. किती मिनिटं, किती रुपये, कितवा मजला, समोरचा नक्की कुठला शब्द बोलला. रडत रडत टाइप केलं तरी चालतं.

सुरुवात संकटापासून नको, तुमच्या प्लॅनपासून करा

बहुतेक जण इथेच माती खातात. किस्सा सुरू करतात "अरे काय सांगू, इतका वाईट दिवस होता" पासून. झालं, ऐकणाऱ्यानं तोंड पाडलं, आता तो सहानुभूती देणार, आणि सहानुभूती देणारा माणूस हसू शकत नाही, त्याला ते बरं दिसत नाही.

त्याऐवजी आधी दाखवा की तुम्ही किती शहाणे होता. मी आमच्या शिफ्टिंगसाठी एक्सेल शीट केली होती. खोटं नाही सांगत, तीन आठवडे आधी. २३ बॉक्स, प्रत्येकावर नंबर, प्रत्येक खोलीचा वेगळ्या रंगाचा स्टिकर, आणि बॉक्स नंबर ७ वर लाल मार्करनं "पहिल्या दिवशी लागणारं सामान". त्यात चहा, साखर, गॅसचा रेग्युलेटर, लायटर, मोबाइलचे चार्जर, टॉवेल, औषधं, सगळं. सोसायटीतल्या दोन जणींना मी ती शीट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली पण होती, त्यांनी मागितली नसताना.

आता हमाल काय करतो, तो विचारतो "ताई, महत्त्वाचं कुठलं?" मी म्हटलं हा लाल मार्करवाला, सगळ्यात महत्त्वाचा. म्हणून त्यानं तो सगळ्यात आधी टेम्पोत ठेवला. आत, पार ड्रायव्हरच्या पाठीला टेकून. त्याच्यासमोर कपाट, फ्रिज, गाद्या आणि उरलेले २२ बॉक्स. म्हणजे जे सगळ्यात आधी लागणार होतं ते सगळ्यात शेवटी निघणार हे मीच ठरवून दिलं होतं, स्वतःच्या तोंडानं. आणि कुठल्या बॉक्समध्ये काय आहे त्याची प्रिंट? ती हरवू नये म्हणून बॉक्स ७ मध्ये ठेवलेली. फोनमध्ये होती की शीट, पण फोनची बॅटरी ४ टक्के आणि चार्जर, बरोबर, बॉक्स ७.

शहाणपण जितकं वर चढवाल तितकं पडताना बरं दिसतं.

एकदमच का बिघडतं सगळं

हे समजून घेतलं तर किस्सा जुळवायला सोपं जातं, म्हणून जरा विषयांतर.

आपल्याला वाटतं अकरा वेगवेगळ्या वाईट गोष्टी झाल्या. नीट बघितलं तर एकच झालेली असते आणि बाकीच्या तिची पिलावळ. टेम्पो वेळेवर आला असता तर पावसाच्या आत पोचलो असतो, मग ताडपत्रीची भोकं कोणाला दिसलीही नसती, पुठ्ठा भिजला नसता, भिजलेल्या बॉक्सची तळं उचलताना सुटली नसती, आणि सोसायटीच्या जिन्यात माझ्या डाळी सांडल्या नसत्या (तूर आणि मूग, एकत्र). संस्कृतात म्हणतातच, छिद्रेष्वनर्था बहुलीभवन्ति, भोक पडलं की अनर्थ रांग लावून आत येतात. आमची तर सात होती.

बसचं पण असंच असतं. अर्धा तास एक येत नाही आणि मग तीन एकामागे एक. ह्यात ड्रायव्हरांचं काही कटकारस्थान नाही, पहिल्या बसला थोडा उशीर झाला की स्टॉपवर माणसं जास्त साचतात, ती चढवता उतरवता तिला अजून उशीर, आणि मागची बस रिकाम्या स्टॉपवरून भराभर येऊन तिला गाठते. आणि ब्रेड पडला की बटर लावलेल्या बाजूवरच पडतो ह्याच्यावर रॉबर्ट मॅथ्यूज नावाच्या माणसानं १९९५ साली चक्क फिजिक्सच्या जर्नलमध्ये पेपर लिहिला. टेबलाच्या उंचीवरून पडताना ब्रेडला जेमतेम अर्धी गिरकी घ्यायलाच वेळ मिळतो, म्हणून वरची बाजू खाली. त्याला १९९६ चं इग नोबेल मिळालं, ते हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते.

मर्फीचा नियम सगळे सांगतात, पण मर्फीची गोष्ट जास्त मजेशीर आहे. १९४९ साली अमेरिकन हवाई दलाच्या कॅलिफोर्नियातल्या तळावर रॉकेटच्या गाडीवर माणूस बसवून अचानक ब्रेक मारला की शरीर किती सहन करतं ह्याच्या चाचण्या चालू होत्या. कॅप्टन एडवर्ड मर्फी तिथे मोजमापाची यंत्रं घेऊन आला, चाचणी झाली, आणि रीडिंग आलं शून्य, कारण वायरी उलट्या जोडल्या गेल्या होत्या. त्यानं खापर फोडलं जोडणाऱ्या असिस्टंटवर. म्हणजे जगातला सगळ्यात फेमस फजितीचा नियम ज्याच्या नावावर आहे त्याची स्वतःची पहिली रिअ‍ॅक्शन पण "मी नाही, त्यानं केलं" हीच होती. मला फार बरं वाटलं होतं हे वाचून.

आमच्या सासूबाईंकडे अर्थात ह्या सगळ्याचं एका शब्दात उत्तर आहे. जिन्यात डाळी गोळा करताना त्यांनी मला विचारलं, "तुझी रास कुठली गं? साडेसाती नाही ना चालू?" मग मी घरी बसून हिशोब केला. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं, आपल्या आधीची रास, आपली आणि नंतरची मिळून साडेसात. म्हणजे बारापैकी तीन राशींना कधीही बघा साडेसाती चालूच. शिवाय दोन राशींना अडीचकी. बारातल्या पाच राशी कायम शनीच्या हातात, म्हणजे टेम्पोवाला, हमाल, सासूबाई, नवरा आणि मी असे पाच जण धरले तर आमच्यातल्या निदान दोघांना तरी चालू असणारच सरासरीनं. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "तेच म्हणतेय मी."

तर सांगायचा मुद्दा, किस्सा सांगताना अकरा संकटांची यादी वाचू नका. एकातून दुसरं कसं निघालं ते सांगा. "आणि मग हे पण झालं" पेक्षा "म्हणून मग हे झालं" ह्याला जास्त हसू येतं. आणि अकराच्या अकरा ठेवायची पण नाहीत. माझ्या किस्स्यात चारच आहेत, टेम्पो, भोकं, बॉक्स ७ आणि दूध. आरसा तडकला, मिक्सरचं झाकण आजतागायत सापडलेलं नाही, डाळी सांडल्या, वायफाय नऊ दिवस आलं नाही, हे सगळं मी काढून टाकलंय. डाळी काढताना जीवावर आलं होतं.

मूर्ख कोण ते आधी ठरवा

तुम्हीच. दुसरं उत्तर नाही. हमाल मूर्ख, टेम्पोवाला चोर, असं सांगायला लागलात की ती तक्रार झाली, आणि तक्रारीला लोक उपाय सुचवतात. "अगं पॅकर्सवाले का नाही घेतले?" हे वाक्य आलं की समजायचं किस्सा मेला. शिवाय जो दिवसभर आपलं कपाट पाठीवर घेऊन चार मजले चढला त्याच्यावर एसीत बसून हसणं मला तरी बरं वाटत नाही. त्या दिवशी एका हमाल दादांचं बोट फ्रिजखाली चेमटलं होतं, बऱ्यापैकी लागलं, आम्ही सगळं सोडून आधी दवाखान्यात गेलो. तो भाग मी कधीच सांगत नाही. तिथे फजिती संपते, दुसऱ्याची रोजी सुरू होते. आजारपण, कोणाचं जाणं, कोणाची नोकरी सुटणं, ह्यात हसायचं की नाही ते ज्याचं दुःख त्यानं ठरवायचं, आपण पहिला विनोद टाकायचा नाही. त्यानं टाकला तर मात्र हसायचं, गंभीर चेहरा करून बसायचं नाही, ते त्याला जास्त लागतं.

सांगायची भाषा

चेहरा कोरा ठेवा आणि पंचनाम्याच्या भाषेत सांगा. ही आपल्याकडे फुकट मिळालेली सोय आहे, शाळेपासून बँकेपर्यंत आपण सदरहू आणि उपरोक्त वाचतच मोठे झालोय. "घटनास्थळी दीड लिटर दूध, एक पातेलं आणि रेग्युलेटर नसलेला सिलेंडर आढळून आला" असं म्हटलं की वेगळं काही करावं लागत नाही. ओरडून, हातवारे करून, स्वतःच आधी हसून सांगितलं की ऐकणाऱ्याला हसायला काही शिल्लकच राहत नाही.

म्हणी जपून वापरा. दुष्काळात तेरावा महिना, आगीतून फुफाट्यात, कशात काय अन् फाटक्यात पाय, आपल्याकडे ह्या विषयावर म्हणींचा नुसता पाऊस आहे, त्यावरून आपल्या पूर्वजांचं काय चाललं होतं ते कळतं. पण म्हण टाकली की लोक मान डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. टाकायचीच तर सुरुवातीला टाका, शेवटाला नको.

आणि पहिल्यांदा सांगताना जो तिथे नव्हता त्याला सांगा. जे तिथे होते ते मधे मधे दुरुस्त करतात. माझ्या नवऱ्याच्या मते भोकं सहा होती.

आता दूध

हा शेवटचा भाग पूर्ण सांगते, म्हणजे वरचं सगळं कसं बसतं ते दिसेल.

भाड्याचं घर, त्यामुळे वास्तुशांत वगैरे काही नव्हतं, पण सासूबाईंचं एकच म्हणणं होतं की नव्या घरात पाऊल टाकलं की पहिलं काय तर दूध उतू घालवायचं, भरभराट होते. त्यासाठी त्या दीड लिटर फुल क्रीम दूध आणि स्वतःच्या लग्नातलं पितळी पातेलं मांडीवर धरून रिक्षातून आल्या होत्या, बाकी कशालाही हात लावू न देता. दूध तयार, पातेलं तयार, सिलेंडर पण वर आला. रेग्युलेटर बॉक्स ७ मध्ये.

मग इंडक्शन आठवलं. ते बॉक्स १२ मध्ये होतं आणि बॉक्स १२ चक्क सापडला. पितळी पातेलं इंडक्शनवर चालत नाही हे कळायला आम्हाला दहा मिनिटं लागली, चौघं शिकलेली माणसं त्या पातेल्याभोवती उभी राहून ते गरम व्हायची वाट बघत होतो. स्टीलचं पातेलं शोधलं. दूध ओतलं. कोमट झालं आणि लाइट गेली. अख्ख्या एरियाची. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त पदर खोचला.

समोरच्या दारातून काकू बघत होत्या, बहुतेक सकाळपासून. त्या म्हणाल्या, "अहो आमच्याकडे आणा ना, गॅस मोकळाच आहे." सासूबाई पातेलं घेऊन निघाल्या, त्यांच्यामागे मी, माझ्यामागे नवरा, सगळे ओले, चपला हातात. काकूंच्या स्वच्छ पांढऱ्या ओट्यावर मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात ते दूध चढलं आणि असं काही उतू गेलं की मी जन्मात पाहिलं नव्हतं. शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून खाली टाइल्सवर, थांबेचना. काकू हात जोडून उभ्या. माझ्या डोळ्यात पाणी आलं, वाटलं चला, दिवसभरात एक तरी गोष्ट मनासारखी झाली.

दार ओलांडून आमच्या घरात परत आल्यावर सासूबाई एकदम थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, पण ते त्यांच्या घरात उतू गेलं."

त्याच्यावर कोणालाच काही सुचेना. नवरा म्हणाला, "ऑलआउट." मी बाथरूममध्ये गेले, तोंड धुवावं म्हणून नळ सोडला, तर त्या सोसायटीत पाणी सकाळी सहा ते आठच येतं. मग ती बादली.

सप्टेंबरात काकूंच्या मुलाला नोकरी लागली, हैदराबादला, चांगलं पॅकेज आहे म्हणे. दसऱ्याला त्यांनी गाडी घेतली. दोन्ही वेळा त्या पेढे घेऊन आल्या आणि दोन्ही वेळा सासूबाई आमच्याकडेच होत्या. पहिल्यांदा त्यांनी एक पेढा घेतला, अभिनंदन केलं, सगळं नीट. दुसऱ्यांदा बॉक्स पुढे आला तेव्हा मी एकच उचलला तर मला कोपरानं ढोसलं आणि काकूंच्या देखत म्हणाल्या, "घे गं दोन-तीन. आपल्याच दुधाचे आहेत."